वाण जसा आला तसाच: आमची वाटचाल

मी बारा वर्षं बियाण्यांच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायचं काम केलं. टोमॅटोचा नमुना आला की १००-१०० बियांचे चार गट ओल्या कागदावर मांडायचे, पाचव्या दिवशी पहिली मोजणी, चौदाव्या दिवशी शेवटची. हातातून गेलेले बहुतेक नमुने संकरित वाणांचे होते. जोमदार, एकसारखे, पण त्यांचं बी धरून पुन्हा लावलं तर पुढच्या पिढीत गुण विखुरणारे. त्या वाणांबद्दल माझी तक्रार नाही. पण टोमॅटोचं बी घरी धरता येतं आणि तेच फळ वर्षानुवर्षं मिळू शकतं, हे मी त्या कामात विसरत चालले होते.

दादाने एक दिवस कागदाची पुडी आणली. त्याच्या ओळखीच्या एका बाईंकडे चाळीस वर्षं एकच टोमॅटो लागत होता. मोठा, गुलाबी, थोडा चपटा, आणि पान बटाट्याच्या पानासारखं, काठाला कातर नसलेलं. बाई म्हणाल्या होत्या, "माझ्या गुडघ्यांना आता वाफे झेपत नाहीत. तुमच्याकडे राहू दे." नाव विचारलं तर म्हणाल्या, "टोमॅटोच म्हणायचो आम्ही." आम्ही चिठ्ठीवर लिहिलं, ‘बाईंचा गुलाबी’. पुडीत पंचवीस बिया होत्या.

जुन्या टोमॅटोंचं बी विकण्याच्या आमच्या व्यवसायातला तो पहिला वाण. आज आमच्या यादीत ६४ वाण आहेत. मधल्या काळात ती १८० पर्यंत गेली होती आणि ती आम्ही जाणूनबुजून कमी केली. त्याचं कारण पुढे येईलच.

सुरुवातीला आम्हाला वाटायचं की जुने वाण जमवणं हेच काम आहे. जगभरात हे काम करणाऱ्यांच्या हकीगती वाचून आम्ही भारावलो होतो. अमेरिकेत १९७५ साली डायन ऑट व्हेली आणि केंट व्हेली यांनी जुन्या वाणांचं बी जपणारं सीड सेव्हर्स एक्स्चेंज सुरू केलं, ते डायन यांच्या आजोबांनी दिलेल्या दोन बियाण्यांवर. त्यांपैकी एक जर्मन पिंक टोमॅटो, कुटुंबाबरोबर बव्हेरियातून आलेला. १९९० साली क्रेग लहूलियर या रसायनशास्त्रज्ञाला टेनेसीतून एका जांभळट टोमॅटोच्या बिया टपालाने आल्या. मूळ बी चेरोकी या तिथल्या मूळनिवासी लोकांकडून मिळालं, एवढीच हकीगत बरोबर होती. त्यांनी त्याला ‘चेरोकी पर्पल’ हे नाव दिलं आणि आज तो वाण कुठे कुठे पोचला आहे! वेस्ट व्हर्जिनियातल्या एम. सी. बाइल्स यांनी तर आपल्या मोठ्या फळाच्या वाणाची रोपं विकून घराचं कर्ज फेडलं, म्हणून तो ‘मॉर्गेज लिफ्टर’. ही नावं आम्हाला पाठ होती. पुडीवर नाव लिहिताना बाईही त्याच रांगेत बसतात असं मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

पहिली चार वर्षं बी धरायला शिकण्यात गेली. पिकलेलं फळ चिरून बिया गरासकट भांड्यात काढायच्या, गर घट्ट असला तर थोडं पाणी, आणि दोन-तीन दिवस आंबू द्यायचं. वर पांढरी बुरशी येते, वास येतो. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती या आंबण्यात सुटतात. चांगली बी तळाशी बसते, पोकळ बी वर तरंगते. याच संदर्भात मला गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोची गोष्ट फार आवडते. त्याच्या बिया टोमॅटोचे अभ्यासक चार्ल्स रिक यांच्या हाती उगवेनात. शेवटी महाकाय कासवांना फळं खाऊ घातली, आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया उगवल्या. आमच्या ओट्यावरचं भांडं त्याच कामाला ठेवलेलं असतं. तीन दिवसांच्या वर मात्र ते ठेवू नये, बिया भांड्यातच कोंब टाकतात. आमची एक तुकडी अशी गेली. धुतलेल्या बिया कागदावर पसरल्या की चिकटून बसतात, म्हणून चिनीमातीच्या बशीत, सावलीत, दिवसातून दोनदा हलवत. एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया भरतात. पहिल्या हंगामाची सगळी मेहनत एका काडेपेटीत मावली.

विक्री सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त पत्रं खांद्यांबद्दल यायची. फळ लाल झालं तरी देठाजवळ हिरवट-पिवळं राहतं, हा रोग आहे का? रोग नाही. जुन्या बहुतेक वाणांच्या कच्च्या फळाला गडद हिरवे खांदे असतात. विसाव्या शतकात कच्चं फळ सगळीकडे एकसारखं फिकट हिरवं दिसणारा गुण निवडला गेला, कारण काढणी कधी करायची ते ओळखणं सोपं जातं. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की या निवडीत एक जनुक निकामी झालेलं असतं, आणि ते जनुक कच्च्या फळातल्या हरितद्रव्याचं आणि पर्यायाने साखरेचं प्रमाण वाढवत असतं. म्हणजे ज्या खांद्यांची तक्रार येते, त्यांचा गोडीशी संबंध आहे. हे आम्ही पाकिटामागे छापायला लागलो तेव्हा पत्रं कमी झाली नाहीत, पण त्यांचा सूर बदलला. लोक खांद्यांचे फोटो पाठवायला लागले!

पाचव्या वर्षी घात झाला.

‘बाईंचा गुलाबी’ चाळीस रोपांच्या ट्रेमध्ये पेरला होता. रोपं तीन-चार पानांवर आली तेव्हा दादाने हाक मारली. नऊ रोपांची पानं कातरलेली होती, नेहमीच्या टोमॅटोसारखी. बटाट्यासारखं पान हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे कातरलेल्या पानाच्या गुणापुढे तो दबून राहतो. अशा झाडावर कातरलेल्या पानाच्या वाणाचे पराग पडले, तर संकर झालेलं रोप लहानपणीच पानावरून कळतं. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागांवर फळतं, पण जुन्या मोठ्या फळांच्या वाणांत स्त्रीकेसराचं टोक बरेचदा पुंकेसरांच्या नळीबाहेर डोकावतं. भुंगा येतो, फुलाला लटकून अंग थरथरवतो, पराग झाडतो आणि पुढच्या फुलावर जातो. मागच्या हंगामात आम्ही ओळी जवळ लावल्या होत्या आणि फुलांवर जाळीच्या पिशव्या बांधायला वेळ मिळाला नव्हता. वेळ मिळाला नव्हता, कारण वाण १८० झाले होते.

नऊ रोपं उपटून बाकीची ३१ ठेवता आली असती. दादाचंही आधी तेच म्हणणं होतं. पण ओळीच्या दुसऱ्या बाजूला ब्रँडीवाइन नावाचा वाण होता. तोही गुलाबी, तोही मोठा, आणि त्याचंही पान बटाट्यासारखं. त्याच्याशी संकर झाला असेल तर पान काहीच सांगणार नाही. फळ पाहूनही कदाचित कळणार नाही. हळूहळू बाईंचा टोमॅटो दुसराच काहीतरी होऊन जाईल आणि पुडीवर नाव तेच राहील. मला हे सहन होण्यासारखं नव्हतं. ती सगळी तुकडी आम्ही रद्द केली आणि ज्यांना तिच्यातली पाकिटं गेली होती त्या प्रत्येकाला कळवलं.

राखीव बी होतं, एका बरणीत. ती बरणी उघडली तेव्हा झाकणाचं रबर चिरलेलं दिसलं. बी दमट झालं होतं. शंभर बिया कागदावर मांडल्या, चौदा दिवस थांबले. एकही उगवली नाही. जिने बारा वर्षं लोकांच्या बियांची उगवण तपासली, तिने स्वतःच्या राखीव बियांची तीन वर्षं तपासली नव्हती. ती रात्र मी विसरलेले नाही.

पहिल्या दोन वर्षांत आम्ही हे बी ३१ जणांना फुकट वाटलं होतं, कारण तेव्हा विकण्याएवढं नव्हतंच. दादाने वही काढली आणि आम्ही सगळ्यांना पत्रं लिहिली. बहुतेकांनी बी धरलं नव्हतं. काहींनी धरलं होतं, पण पाचसहा वाण एकत्र लावून. एका गृहस्थांनी मात्र आमचीच मूळ पुडी सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवली होती. त्यांनी तीस बिया पाठवल्या. सतरा उगवल्या. सगळ्यांची पानं बिनकातरी. त्यातल्या बारा झाडांच्या फुलांवर पिशव्या बांधल्या आणि पहिलं फळ आम्ही बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी ते उलटं धरून देठाकडची बाजू पाहिली, अंगठ्याने हलकेच दाबलं आणि म्हणाल्या, "हाच." दादा बाहेर जाऊन उभा राहिला.

त्यानंतर आमचं काम बदललं. यादी कमी केली. जे वाण दुसरीकडे सहज मिळतात ते सोडून दिले, ज्यांची हकीगत पक्की नव्हती ते वेगळे काढले. ‘ग्रीन झेब्रा’ सुंदर आहे, पण तो टॉम वॅग्नर यांनी तयार करून १९८३ साली आणलेला वाण आहे. त्याला वारशाचा वाण म्हणून विकणं आम्ही थांबवलं. राहिलेल्या प्रत्येक वाणाची दरवर्षी लागवड होत नाही. पाळीपाळीने, एका हंगामात पंधरा-सोळा, प्रत्येकाची किमान दहा झाडं, फूल उमलण्याआधी पिशवी, फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा. दोरा नसलेल्या फळाचं बी आम्ही धरत नाही, मग ते कितीही देखणं असो.

बी कोणत्या फळाचं धरायचं, हा प्रश्न अजूनही रोज येतो, आणि लोक हमखास सगळ्यात मोठं फळ दाखवतात. एका झाडावरची सगळी फळं एकाच आईची. मोठं फळ पहिल्या घोसातलं असेल, त्याला पाणी जास्त मिळालं असेल. बी त्या झाडाचं धरायचं असतं. पान, वाढ, फुलोऱ्याची वेळ, रोगाला दिलेलं तोंड आणि मग चव, हे सगळं वाणाच्या वर्णनाशी जुळतंय ना, ते पाहून झाड निवडायचं. हे मी कितीही वेळा सांगायला तयार असते.

बाहेरून आलेलं बी आता थेट मुख्य वाफ्यात जात नाही. २०१४ साली इस्रायलमध्ये आणि २०१५ साली जॉर्डनमध्ये आढळलेला टोमॅटोचा तपकिरी सुरकुत्यांचा विषाणू बियांच्या टरफलावरून, हातांवरून, कात्रीवरून पसरतो. म्हणून नवं बी पहिला हंगाम दूरच्या कोपऱ्यात, वेगळी अवजारं, वेगळा एप्रन. काही जणांना हा अविश्वास वाटतो. पण एका पाकिटामुळे ६४ वाण धोक्यात घालायची माझी तयारी नाही. परदेशातून कुणी प्रमाणपत्राशिवाय बी पाठवू का विचारलं तर नको म्हणतो, कितीही मोह झाला तरी.

राखीव बी आता तीन ठिकाणी असतं, दर दोन वर्षांनी उगवण तपासून, आणि ओल आठ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबी बंद होत नाही. तरीही माझा खरा भरवसा चौथ्या ठिकाणावर आहे. दर हंगामात प्रत्येक वाणाच्या काही पुड्या आम्ही विक्रीला न लावता देऊन टाकतो. घेणाऱ्याने एवढंच कबूल करायचं: दोन झाडांच्या फुलांवर पिशव्या बांधायच्या आणि धरलेल्या बियांपैकी निम्म्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायच्या. आम्हाला परत नकोत, नाव आणि वर्ष कळवलं तरी पुरे. हिशेब पाहणारे आम्हाला म्हणतात, गिऱ्हाईक स्वतःच बी धरायला शिकलं तर तुमच्याकडे परत कशाला येईल? बरेच जण परत येत नाहीत, हे खरं आहे. काही जण येतात ते दुसऱ्या वाणासाठी. त्यावर आमचं घर चालतं, आणि मला यापेक्षा मोठा व्यवसाय करायचा नाही.

गेल्या महिन्यात एक पाकीट आलं. आत चौदा बिया, आणि चिठ्ठीवर ‘मोठा, पिवळा, आत लाल रेघा, मामांकडचा’ एवढंच. मामा आता नाहीत. सहा बिया पेरल्या, आठ डबीत ठेवल्या. पाच उगवल्या आहेत, कोपऱ्यातल्या वाफ्यात. दादाने पाटीवर ‘मामांचा पिवळा’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आहे, आणि मी पिशव्या शिवायला घेतल्या आहेत.