जाहिरातीचा मजकूर

मंगळवार, रात्री साडेदहा

धाकट्यानं दुपारी पेपरात द्यायचा मजकूर पाठवला. ‘प्रथम पुण्यस्मरण. धाडसी उद्योजक, एकनिष्ठ पती, प्रेमळ पिता.’ खाली आमची सगळ्यांची नावं, वर फेट्यातला फोटो. ‘आई, उद्या अकरापर्यंत द्यायचंय, बघून ओके कर.’ ओके म्हणजे नुसता अंगठा पाठवायचा. तेवढं येतं मला. पण दुपारपासून चारदा फोन उघडला आणि चारदा पालथा घालून ठेवला.

रडू आलं म्हणावं तर तसंही नाही. राग आलाय. कुणाचा ते कळेना, म्हणून वही काढली.

फोटो थोरल्याच्या लग्नातला आहे. त्या लग्नाचं आत्ता नको.

‘धाडसी’ला नाही म्हणायला मला जागाच नाही. आयर्विन पुलावरून कृष्णेच्या पुरात उड्या मारणाऱ्या पोरांतले हे एक होते, ही बातमी आमच्या घरी साखरपुडा झाल्यावर पोचली. आईनं डोक्याला हात लावला. दादा एवढंच म्हणाले, “पोहता येतंय न्हवं?” पुढं पंचेचाळिशीला पूर बघायला म्हणून गेलो आणि तिथं ह्यांनी शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. मी हाताला धरून गाडीत बसवलं. रस्ताभर बोलले नाहीत.

मग खटकतंय काय? संध्याकाळी दिवा लावताना आलं लक्षात. धाडस ह्यांनी केलं हे खरं, पण मला कधी विचारून केलं नाही. सांगितलं. तेही झाल्यावर.

1986 ला कारखान्यातली नोकरी सोडली. तासगावात घरटी एक माणूस कारखान्यात चिकटायला धडपडत होता आणि हे पर्मनंट नोकरी सोडून आले. आले ते नेहमीसारखे. “जरा चहा टाक,” म्हणाले. कप खाली ठेवला आणि सांगितलं, राजीनामा दिला, शेड घालायची. कसली शेड? बेदाण्याची. मग तासभर मला द्राक्ष शिकवलं. घड पिकला की तो आपल्याला पळवतो, आज तोड, आज वीक, गाडीवाला देईल तो भाव घे. बेदाणा थांबतो. कोल्ड स्टोरेजला टाकला की भाव येईपर्यंत गप पडून राहतो. पटण्यासारखंच होतं. पण मला पटवत कुठं होते, राजीनामा तर देऊन बसले होते!

पहिली दोन वर्षं द्रावणाचं माप माझ्याकडं होतं. शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल. त्यात घड बुडवायचे, निथळायचे आणि जाळीवर पातळ पसरायचे. पंधरा-वीस दिवस वारं लागलं की चार किलोचा एक किलो उरतो. हिरवा राहिला तर पैसा, लाल पडला तर कमी, काळा पडला तर बोलायलाच नको. माझ्या हाताची सालं गेली होती त्या द्रावणानं. आता मजकुरात ‘उद्योजक’ एकटेच.

पाटल्या तीनदा तारण गेल्या. एकदा शेडच्या अँगलला, एकदा जाळीला, तिसऱ्यांदा 2003 च्या दुष्काळात, बागेला टँकरनं पाणी घालायला. दर वेळी आधी चहा. शेवटी शेवटी तर अवेळी चहा मागितला की माझा हात आपोआप मनगटाकडं जायचा. सुटल्या तीनही वेळा, तेही लिहायला पाहिजे. पण लग्नाकार्यात रिकाम्या हातानं मी मिरवले. बायका हाताकडं बघतात आणि मग चेहऱ्याकडं बघतात, ते ह्यांना काय माहीत.

आणि दिल्ली! नमुना म्हणून माझे चार स्टीलचे डबे भरून घेतले आणि मिरजेहून रेल्वेनं निघाले. खारी बावलीत दुकान दुकान फिरले. तिथल्या व्यापाऱ्यांना अफगाणी मालाची सवय. कुणी चार दाणे तोंडात टाकायचा, कुणी तेवढंही नाही. आठ दिवसांनी आले ते डबे जसेच्या तसे घेऊन. मी म्हटलं, आता तरी बास. हे म्हणाले, “डबे नाही हरवले तुझे.” दुसऱ्या वर्षी पुन्हा गेले, तेव्हा मात्र डबे तिकडंच राहिले आणि ऑर्डर आली. डब्यांचं मला अजून वाईट वाटतं.

किती लिहितेय मी. पण मुद्दा तोच. उभ्या संसारात एकदा तरी म्हणायचं होतं, ‘अगं, असं असं करू का?’ आठवून आठवून बघितलं, एक प्रसंग सापडत नाही. लेकीचं स्थळ सोडून. आणि त्यातही...

असो.

(मध्ये उठून दूध झाकून आले. मांजर आलं होतं.)

समजा विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? नोकरी सोडू का? नको. पाटल्या देतेस? नाही. दिल्लीला जाऊ? अजिबात नको. दर वेळी नकोच म्हटलं असतं, आणि हे मला जेवढं माहीत तेवढंच त्यांनाही. ह्या घराची भिंत न् भिंत माझ्या ‘नको’वर उभी आहे. वायनरीचं खूळ डोक्यात आलं, पलूसला जाऊन जागाही बघून आले, तेव्हा तेवढं मला चहाच्या आधीच कळलं आणि मी ‘नको’ म्हणून घेतलं. तेवढं एक वाचलं. त्याचं श्रेय कुठल्या जाहिरातीत येणार नाही.

2016 ला सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी पेपर नाचवत आले. मी विचारलं, भाव वाढणार का? म्हणाले, “ते काय माहीत नाही. पण नाव लागलं.” नातवाचं बारसं झाल्यावर सांगावं तसं गल्लीभर सांगत फिरले.

आता ‘एकनिष्ठ’. ह्या शब्दाशी अडखळतेय ते वेगळ्याच कारणानं. ते लिहीन की नाही करत होते.

धाकटा चौथीत होता त्या वर्षीचं माझं दुखणं. मिरजेला सतरा दिवस. ऐन एप्रिल, शेड जाळ्या भरून मालानं गच्च, आणि हे माझ्या खाटेशेजारी स्टुलावर. मी रोज म्हणायची, जावा तिकडं, आक्का आहेत माझ्यापाशी. “बघतायत पोरं,” म्हणायचे आणि मोसंबी सोलत बसायचे. मोसंबी सोलता येत नव्हतं त्यांना, निम्मं पांढरं तसंच. एका रात्री वळवाचा पाऊस झाला. खिडकीपाशी उभे राहिले, बराच वेळ. मी विचारलं, जोरात आहे का? “भुरभुर आहे,” म्हणाले.

माल कसा गेला म्हटल्यावर ‘बरा गेला’ एवढंच उत्तर. दोन वर्षांनी एका हळदीकुंकवात अडत्याच्या बायकोनं बोलता बोलता सांगितलं, त्या साली साडेतीन टन माल काळा पडला तुमचा, कवडीमोलानं गेला, आमच्यांनाच वाईट वाटलं. तिला सगळं ठाऊक म्हणजे मलाही असणारच असं ती धरून चालली होती. हातातलं वाण तसंच घेऊन घरी आले. आल्या आल्या विचारलं, मला सांगितलं का नाही?

म्हणाले, “तू कुठं विचारलंस?”

आणि मग, “चहा टाक.”

त्या दिवशी चहाच्या मागं काही नव्हतं. नुसता चहा. मीच मनगट चाचपून बघितलं.

हा माणूस आयुष्यभर एकनिष्ठ होता, पण शेडशी. रात्री दोनला ढग आले म्हणून उठून जाणारा. तिच्याशी एकदाच बेइमान झाला, सतरा दिवस. ते पेपरात कसं लिहिणार? चौकोनात बसत नाही, आणि धाकटा म्हणतो शब्द वाढले की पैसे वाढतात.

सव्वाअकरा झाले. मजकूर मीच बदलला. ‘धाडसी उद्योजक’ काढलं आणि ‘बेदाणेवाले’ घातलं. सौद्यात, बँकेत, गणपतीच्या रथाला सगळे त्यांना तेच म्हणायचे. उद्योजक कोण, म्हणून लोक विचारत बसायचे उगाच. ‘एकनिष्ठ’ही खोडलं. नुसतं ‘पती’ राहू दे, बाकीचं लोकांना काय करायचंय. ‘प्रेमळ पिता’ पोरांचं पोरांनी बघावं. फोटो फेट्याचा नको, शेडमधला घाल, टोपी तिरकी असलेला.

पाठवलं. लगेच त्याचा मेसेज. ‘आई, बेदाणेवाले बरं दिसतं का? दादाला विचारलंस?’

मी लिहिलं, ‘विचारलं नाही. सांगतेय.’

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही अजून. चहाची तलफ आलीय, पण आता घेतला तर झोप यायची नाही.