तासभराची सलाईन

आज दादाच्या गॅन्सिक्लोव्हिरचा, म्हणजे विषाणूविरोधी औषधाचा, नववा दिवस. किडनी प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू आहेत, त्यात सायटोमेगॅलो व्हायरसने उजव्या डोळ्याचा पडदा गाठला. नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात म्हणाला, तेव्हा आम्हाला चष्म्याचा नंबर वाढला असं वाटलं होतं. तो उशीर अजून मनाला लागतो.

सकाळी सलाईन फारच हळू पडतंय वाटलं म्हणून मी नळीच्या चाकाकडे हात नेला. सिस्टरांनी लगेच थांबवलं. हे औषध किमान तासभर घेऊनच शिरेत जायला हवं. घाईने गेलं तर रक्तातली पातळी एकदम चढते. शिवाय त्याचा पीएच ११च्या आसपास, म्हणजे ते खूप अल्कधर्मी, त्याने शीर जळू शकते. सुईभोवती लाली, सूज किंवा आग होतेय का, ते मी आता दर थोड्या वेळाने बघते. बाटली हाताळताना सिस्टर हातमोजे घालतात. अंगावर सांडलं तर साबणपाण्याने धुवायचं, हेही आज कळलं.

औषध बाहेर पडतं किडनीवाटे, आणि दादाची किडनी तर नवी. त्यामुळे क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते सांगणारी रक्ततपासणी, बघूनच डोस ठरतो. पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांनी सांगितलंय.

संध्याकाळी रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी थोड्या उतरल्यात, परवा पुन्हा रक्त तपासायचंय. ताप आला तर रात्रीसुद्धा फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलंय. थर्मामीटर उशाशी ठेवलाय.