एका वायसरपायी चार महिने: जुन्या एअर रायफलचा माझा अनुभव

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला रायफल नेमबाजीत ब्राँझ घेतलं आणि आमच्या घरात पोरीनं रायफलचा धोशा लावला. नवीन मॅच रायफलच्या, म्हणजे स्पर्धेच्या रायफलच्या, किमती बघून मी गप्प बसलो, आणि ओळखीतल्या एका रिटायर्ड काकांकडची जुनी जर्मन डायना २७ घेतली, .१७७ ची (इंचात, म्हणजे ४.५ मिमी), बॅरल म्हणजे नळी जोडापाशी खाली दुमडून छर्रा भरायची. ४.५ मिमी बोअर आणि २० जूलच्या आत ताकद असली की लायसन्स लागत नाही, पण बिल किंवा लिहून घेतलेला कागद जवळ ठेवा, उगाच कुणी अडवलं तर कामाला येतो.

घरी आणून झाडली तर छर्रा पुठ्ठ्यात अडकला, पार सुद्धा नाही. मित्राकडे क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र आहे, त्यावर ११० मीटर प्रति सेकंद. बाकी मी तपासलं ते पटकन सांगतो. बॅरल बंद करून हलवून बघितलं, थोडं डुगडुगत होतं, बाजूचा बोल्ट अर्धा आटा आवळल्यावर गेलं. मग बॅरलच्या जोडावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून छर्रा झाडला तर कागद भुर्रकन उडाला, म्हणजे तिथून हवा जाते. (छर्रा न घालता झाडू नका, स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणारा आतला पिस्टन पुढं जाऊन थेट आदळतो.) म्हणजे हवा अडवणारे वायसर गेलेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हेच तर दुःख आहे.

कारण मग मी ती शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे टाकली. नाव घेत नाही. "आठ दिवसांत या." आठ दिवसांनी गेलो, "पार्ट मागवलाय." पंधरा दिवसांनी, "पार्ट निघालाय." गणपती गेले, दसरा झाला, दिवाळीत "कामगार गावाला गेलाय", आणि रायफल त्याच कोपऱ्यात त्याच सुतळीनं बांधलेली, तिच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी पण पिवळी पडायला लागलेली. पोरगी रोज विचारायची, बाबा आली का, आणि मी रोज त्या माणसाच्या वतीनं खोटं बोलायचो. शेवटी नोव्हेंबर संपता संपता चिडून परत मागितली तर तीनशे रुपये "चेकिंग चार्ज" घेतला. चेकिंग म्हणजे काय तर आत कसलंतरी तेल भरपूर मारलेलं! घरी झाडली तर फटाक्यासारखा आवाज, नळीतून निळा धूर आणि जळका वास. हवा दाबली की तापते आणि ते तेल पेटतं. सिलिंडरमध्ये साधं मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे असलं काही मारू नका, सिलिकॉन ऑइल, ते पण थेंबानं.

उघडल्यावर दिसलं ते बघून मला हसूच आलं. पिस्टनचा वायसर चामड्याचा, वाटीसारखा. जुन्या रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असायचा ना, तसाच, फक्त मोठा. कडा करपून काळ्या झालेल्या, नखानं दाबली की भुगा. म्हणजे बाहेरून पार्ट येईल म्हणून मी कोल्हापुरात बसून वाट बघत होतो, कोल्हापुरात, चामड्यासाठी!

आधी बॅगवाल्याकडचं मऊ चामडं आणून घातलं, दोन दिवसांत वाटीची चपाती झाली. मग सुभाषनगरला एका चपलावाल्या मामांकडे गेलो. त्यांनी तुकडा दोन बोटांत चुरगाळून बाजूला टाकला. "दादा, ह्ये क्रोमनं कमावल्यालं. ह्येला आकार ऱ्हात न्हाई. बाभळीच्या सालीनं कमावल्यालं घ्या." स्वतःच रापीनं दोन गोल कापून दिले, पैसे घेईनात, बळंच शंभर ठेवले. उद्यमनगरात लेथवाल्याकडून सिलिंडरच्या मापाचा साचा आणि दट्ट्या करून घेतला. चामडं कोमट पाण्यात अर्धा तास, मग साच्यात दाबून दोन दिवस सावलीत, कडा ब्लेडनं सारख्या केल्या, दोन रात्री सिलिकॉन ऑइलमध्ये. उरलेल्या तुकड्यातून बॅरलच्या जोडाचा छोटा वायसर पंचनं काढला.

स्प्रिंग फरशीवर लोळवून बघितली, सरळ होती, तीच ठेवली. बसवून झाडल्यावर टिश्यू हलला नाही. क्रोनोग्राफवर १७५. मी तो आकडा फोटो काढून ठेवलाय, त्या दुकानदाराला पाठवायचा मोह चारदा आवरला.

हां, हे आधी सांगायला हवं होतं: स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा) लावल्याशिवाय मागची बाजू उघडू नका, स्प्रिंग आत दाबलेलीच असते, तोंडावर येईल. लेथवाल्यानंच करून दिला, लांब आट्याचा बोल्ट आणि चॅनेलचा तुकडा. आणि या मॉडेलच्या ट्रिगरमध्ये बेअरिंगसारखे तीन बॉल असतात, ते उघडल्यावर घरंगळतात, खाली पांढरा टॉवेल अंथरा. माझा तिसरा बॉल कपाटाखाली सापडला, रात्री साडेअकराला, पोरीनं मोबाईलची बॅटरी धरली तेव्हा.