आमची वाटचाल : रिजेक्शनच्या ढिगातून माशाच्या काट्यापर्यंत

धंद्याची वाटचाल म्हटली की शेड किती वाढली, भट्ट्या किती झाल्या हे सांगायची रीत आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्यासारख्या लहान फौंड्रीची (ओतकामाच्या कारखान्याची) खरी चाल रिजेक्शनच्या, म्हणजे टाकाऊ मालाच्या वहीत दिसते, म्हणून तिच्याबद्दल आणि दोषाची कारणं शोधायच्या ‘माशाचा काटा’ या आकृतीबद्दलच लिहितो. काम ग्रे आयर्नचं (बिडाचं): पंप बॉडी, फ्लँज (जोडाची रुंद कड), व्हॉल्व्हचे भाग. मोल्डिंग ग्रीन सँडचं, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यांचं.

पहिला टप्पा नुसत्या मोजणीचा. ‘माल खराब येतोय’ एवढ्यावर कारण शोधता येत नाही. आठवडाभर प्रत्येक टाकाऊ कास्टिंगवर खडूने हीट नंबर (भट्टीतल्या वितळीचा क्रमांक) आणि पाळी लिहायची. भागाचं एक मोठं चित्र काढून दोष जिथे असेल तिथे टिंब द्यायचं. आकृतीत माशाच्या डोक्यात दोष लिहितात आणि काट्यांवर त्याची कारणं. टिंबं एका जागी दाटली की हे डोकं मिळालं: ‘पंप बॉडीच्या वरच्या फ्लँजवर, मशीनिंगमध्ये 1 ते 3 मिमी खाली उघडे पडणारे ब्लो होल (वायूच्या पोकळ्या), सकाळच्या पाळीत जास्त.’ एका डोक्यात एकच दोष. ब्लो होल आणि सँड इन्क्लूजन (धातूत अडकलेली वाळू) एकत्र कोंबले तर काटे एवढे होतात की कागद पुरत नाही आणि हाती काही लागत नाही.

ही आकृती गुणवत्ता-तज्ज्ञ काओरू इशिकावा यांची. 1943 मध्ये जपानच्या कावासाकी पोलाद कारखान्यात त्यांनी ती वापरली. आमचे निम्मे कामगार कन्नड बोलणारे, ते तिला ‘मीनिन मूळे’ म्हणतात. काट्यांवर लावायच्या कारणांच्या चिठ्ठ्या दोन्ही लिप्यांत येतात आणि येऊ द्याव्यात. भाषेपाशी अडलेला माणूस सांगायचंच सोडून देतो.

बैठक शनिवारी, 40 मिनिटांची, सहा ते आठ जणांची. मोल्डर, कोअरवाला (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा म्हणजे कोअर), भट्टीवाला, फेटलिंगचा (ओतलेला माल साफ करणारा) एक आणि मशीन शॉपचा एक हवाच, कारण दोष त्याच्याच टूलखाली उघडा पडतो. बोलायचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे. ज्येष्ठ मोल्डर मामा आधी बोलले की पोरं नुसत्या माना डोलावतात. मालकाने पहिली वीस मिनिटं बाहेर थांबलेलं बरं.

माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप, हवामान असे सहा मुख्य काटे. माणसाचा काटा आम्ही सगळ्यात शेवटी भरतो. तो आधी उघडला की ‘निष्काळजीपणा’ लिहून सगळे मोकळे होतात, आणि त्या शब्दाची चाचणी घेता येत नाही.

ब्लो होलचा काटा भरताना प्रत्येक चिठ्ठीला तीन-चार वेळा ‘का?’ विचारतो. वाळूत पाणी जास्त. का? मिक्सरवाला अंदाजाने पाणी घालतो. का? परतीची वाळू गरम असते, पाणी उडून जातं, म्हणून तो थोडं जास्तच घालतो. गरम का? साच्याच्या पेट्या लवकर फोडल्या जातात आणि वाळू त्याच पाळीत पुन्हा मिक्सरमध्ये जाते. इथे हात घालता येतो. आमची हद्द: ओलावा 3.2 ते 3.8 टक्के, परतीची वाळू 45 अंशांखाली. ओलावा काढायला 50 ग्रॅम वाळू 105 ते 110 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची; घटलेल्या ग्रॅमची दुप्पट म्हणजे टक्के. वजनकाटा ग्रॅमचा दहावा भाग दाखवत नसेल तर ‘मोजमाप’ या काट्यावर तोच पहिला आरोपी.

सकाळचं कोडं एका काट्यात मावत नाही. थंड धातूच्या पॅटर्नवर (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्यावर) गरम वाळू पडली की तिची वाफ पॅटर्नवर जमते आणि साच्याचा पृष्ठभाग ओला होतो. वाळू एका काट्यावर, पॅटर्न दुसऱ्यावर. असं दिसलं की दोन चिठ्ठ्या तुटक रेघेने जोडतो. ही आकृतीची उणीव आहे. दोन कारणांची युती ती आपणहून दाखवत नाही.

बाकीच्या चिठ्ठ्या बहुतेक ठरलेल्या असतात: गंजलेले चॅपलेट (कोअरला आधार देणारे धातूचे तुकडे), कोअरचा बुजलेला व्हेंट (वायू जायची वाट), ओला राहिलेला कोअर पेंट, नीट न तापवलेला लॅडल (रस ओतायचं भांडं). ‘नवीन मिक्सर नाही’ अशी एक चिठ्ठी हमखास येते. ते कारण नव्हे, खरेदीची मागणी आहे. ती बाजूला ठेवून विचारायचं, जुन्या मिक्सरमध्ये नेमकं काय बिघडतं?

कागद भरला की काम झालं असं वाटतं, आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच थांबतं. भरलेला काटा म्हणजे संशयितांची यादी. बैठकीतल्या प्रत्येकाला मत द्यायला तीन टिकल्या देतो. सर्वांत जास्त टिकल्या मिळालेल्या तीन कारणांपुढे काय तपासायचं, कोणी, कोणत्या तारखेला, हे लिहितो. टिकल्या म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा पेटीतून येतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, त्याच हीटमधून जुन्या पद्धतीच्या आणि नव्या पद्धतीच्या पेट्या ओतायच्या आणि दोन्हींवर खूण करायची.

पेट्या किती, यावर फसगत होते. रिजेक्शन 8 टक्के असेल तर काहीही न बदलता सलग 20 कास्टिंग चांगली येण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. 20 चांगली आली म्हणून ‘सापडलं’ म्हणणं घाईचं. निदान 36 सलग चांगली यावीत, मग निव्वळ नशिबाची शक्यता 5 टक्क्यांवर येते. रिजेक्शन जितकं कमी, तितक्या जास्त पेट्या लागतात.

सिद्ध झालेल्या कारणाभोवती लाल गोल आणि नवी हद्द मिक्सरवरच्या पाटीवर. खोटं ठरलेल्यावर फुली मारतो, पण चिठ्ठी काढत नाही. नाहीतर सहा महिन्यांनी तीच शंका नवी म्हणून परत येते.

खंडेनवमीला शेड धुताना जुने कागद उतरतात. ब्लो होलचा तेवढा राहतो. मृग लागण्याआधी तो पुन्हा उघडून हवामानाच्या काट्यावरून बोट फिरवतो: बेंटोनाइटची (वाळू बांधणाऱ्या मातीची) पोती फळ्यांवर, छताच्या गळतीपासून दूर, सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट केलेले) रात्रभर उघडे नाहीत, ज्या दिवशी बनले त्याच दिवशी पेटीत, आणि भंगार पत्र्याखाली, कारण ओलं, गंजलेलं भंगार भट्टीत गेलं की मिक्सरची पाटी कितीही बरोबर असली तरी फ्लँजवर टिंबं येतातच.