पाहुण्यांसाठी नवा पदार्थ: चौघांची कृती बाराजणांना लावताना

पाहुणे येणार म्हटलं की काहीतरी नवं करून बघावंसं वाटतं. जरूर करावं. पण त्या दिवशी पदार्थ बिघडला तर दोष सहसा कृतीचा नसतो. चौघांसाठी लिहिलेली कृती आपण बाराजणांना लावलेली असते. जिन्नस तिप्पट झाले, तरी गॅसची आच तेवढीच, कढईचा तळही तेवढाच. म्हणून प्रमाण वाढवताना काय वाढतं आणि काय वाढत नाही, हे आधी बघायचं.

सुरुवात मापापासून. बाहेरच्या पाककृतींमधला कप बहुधा २४० मिलिलिटरचा असतो, आणि आपल्या घरातली आमटीची वाटी बऱ्याचदा १५० मिलिलिटरच्या आसपास. जोवर सगळं एकाच वाटीने मोजतो तोवर निभावतं. पण कृतीत 'दोन कप मैदा आणि २०० ग्रॅम लोणी' असं मिश्र माप आलं आणि आपण वाटी वापरली, की गणित कोसळतं. मोठ्या चमच्याचंही तसंच, बहुतेक ठिकाणी तो १५ मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियन कृतींमध्ये २०चा. पाहुण्यांसाठी नवा पदार्थ करायचा असेल तर वजनकाटा वापरावा, एवढं माझं ठाम मत आहे.

आता कांदा. एक कांदा परतायला सात-आठ मिनिटं लागत असतील, तर सहा कांद्यांना तेवढ्यात काही होत नाही. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. कढई गच्च भरली की ते पाणी उडून जायला जागा मिळत नाही, कांदा स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि पांढरा, गोडसर, लिबलिबीत होतो. खमंगपणा येतो तो पाणी उडाल्यावर. तेव्हा एक तर रुंद कढईत दोन-तीन घाण्यांत परतायचा, नाहीतर परतलेल्या कांद्याची गरजच नाही असा पदार्थ निवडायचा. पहिल्या खेपेला मी दुसरा मार्ग सुचवेन.

भाताचं पाणी उलट्या बाजूने फसवतं. तांदूळ शोषून घेतो ते पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढतं, पण वाफ होऊन जातं ते भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं. भिजवलेल्या बासमतीला एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी घालत असाल, तर सहा वाट्यांना साडेदहा लागत नाही, नऊ पुरतं. खात्री वाटत नसेल तर भरपूर उकळत्या मीठपाण्यात तांदूळ शिजवून भात वेळून काढावा. त्यात पाण्याचं माप चुकायचा प्रश्नच उरत नाही.

मसाल्यांत तिखट, लवंग, दालचिनी, हिंग, गरम मसाला ही मंडळी तिप्पट करू नयेत. तिप्पट पदार्थाला दुप्पट घालावं, चव बघावी, मग पुढे जावं. फोडणीचं तेलही तसंच, चौघांना दोन मोठे चमचे असेल तर बाराजणांना चार पुरे. मीठ मात्र वजनाशी बांधलेलं असतं, एक किलो तयार रश्शाला साधारण १० ग्रॅम, म्हणजे चहाचे पावणेदोन सपाट चमचे. पण रस्सा आटणार असेल तर त्यातलं निम्मं आधी आणि उरलेलं आटल्यावर.

हे सगळं सांभाळणारा, बारा माणसांना पुरणारा आणि घरी सहसा न होणारा एक पदार्थ नीट सांगते: मलई कोफ्ता. निवडायचं कारण एवढंच की त्याची ग्रेव्ही उकडलेल्या कांद्या-टोमॅटोची करता येते, ती सकाळी होऊन जाते आणि संध्याकाळपर्यंत चव उतरत नाही. कोफ्ते दुपारी तळून ठेवता येतात. पाहुणे दारात असताना फक्त गरम करणं उरतं.

कोफ्त्यांसाठी उकडलेले बटाटे ६०० ग्रॅम, पनीर ६०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ६० ग्रॅम, चहाचा दीड चमचा मीठ, थोडी पांढरी मिरी, वेलदोडा, हवे असतील तर बेदाणे आणि काजूचे तुकडे. पन्नास ग्रॅमचा एक गोळा धरला तर पंचविसेक कोफ्ते होतात, म्हणजे माणशी दोन आणि एखादा वर.

सगळी मेख बटाट्यात आहे. नवा बटाटा पाणीदार आणि चिकट असतो, तो नको. जुना बटाटा सालासकट, अख्खा, शक्यतो चाळणीवर वाफवून शिजवावा. चिरून पाण्यात टाकला की पाणी पितो, आणि तेच पाणी तेलात गेल्यावर वाफ होऊन कोफ्ता फोडतं. शिजलेले बटाटे आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवले तर आणखी चांगलं, कारण थंड झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि मिश्रण हाताला कमी चिकटतं. बटाटा किसावा. मिक्सरमध्ये कधीही फिरवू नये, गोंदासारखा लगदा होतो. पनीर मात्र तळहाताने रगडून अगदी मऊ करावं, कण राहिले तर तिथूनच भेग जाते.

सगळे गोळे वळण्याआधी एकच कोफ्ता तळून बघायचा. तो तेलात विरायला लागला तर मिश्रणात आणखी एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून पुन्हा एक तळायचा. विरला नाही पण कापल्यावर आत पिठूळ लागला तर कॉर्नफ्लोअर जास्त झालंय, थोडं पनीर वाढवायचं. हे पाच मिनिटांचं काम टाळलं की पंचवीसच्या पंचवीस कोफ्ते पणाला लागतात.

तेल १७० ते १७५ अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर मिश्रणाचा छोटा कण टाकावा: तो तळाशी जाऊन लगेच वर आला पाहिजे. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, कवच धरायच्या आत कोफ्ता पसरेल. टाकल्याबरोबर तांबूस झाला तर तेल फार तापलंय, बाहेरून रंग येईल आणि आतल्या वाफेने तडा जाईल. एका वेळी चार-पाचच सोडावेत. जास्त सोडले की तेलाचं तापमान उतरतं आणि मग सगळेच फुटतात. पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नये, चमच्याने फक्त वरून गरम तेल उडवावं.

ग्रेव्हीला पिकलेले लाल टोमॅटो एक किलो, कांदे अर्धा किलो, काजू १५० ग्रॅम, आलं दोन इंच, लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्या, दोन तमालपत्रं, दालचिनीचा एक तुकडा, चार लवंगा, सहा वेलदोडे आणि अर्धा लिटर पाणी. सगळं मोठ्या पातेल्यात झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं, कांदा बोटाने दबला पाहिजे. मग पूर्ण गार करायचं. गरम ऐवज मिक्सरमध्ये फिरवला तर वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. तमालपत्रं, दालचिनी आणि लवंगा वेचून काढून बारीक वाटायचं आणि गाळून घ्यायचं. गाळणं कंटाळवाणं खरं, पण टोमॅटोची सालं आणि बिया त्यातच निघतात.

जाड बुडाच्या पातेल्यात ७५ ग्रॅम लोणी आणि एक मोठा चमचा तेल मंद आचेवर तापवून त्यात काश्मिरी तिखट चहाचे तीन चमचे घालायचं आणि दहा-पंधरा सेकंदांत वाटण ओतायचं. तिखट जळलं तर रंग तपकिरी होतो आणि कडवटपणा येतो, तो मग कशानेही जात नाही. वाटण शिजताना जाड बुडबुडे फुटून अंगावर उडतात, म्हणून झाकण अर्धवट ठेवावं. काजू तळाला पटकन धरतो, दर दोन मिनिटांनी सराट्याने तळ खरवडायचा. कडेने तूप दिसू लागलं की गरम मसाला चहाचे दोन चमचे, चुरडलेली कसुरी मेथी, मीठ, टोमॅटो आंबट असतील तर थोडी साखर. गॅस बंद करून १०० मिलिलिटर साय किंवा क्रीम. उकळत्या आंबट रश्शात क्रीम घातलं तर फुटू शकतं.

इथून पुढे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. काजूची ग्रेव्ही ठेवल्यावर घट्ट होते, संध्याकाळी गरम करताना वाटी-दीड वाटी कढत पाणी लागेल. ते घातल्यावर मीठ पुन्हा चाखायचं. आणि कोफ्ते ग्रेव्हीत उकळायचे नाहीत. ते ओव्हनमध्ये किंवा झाकलेल्या तव्यावर गरम करून वाढायच्या भांड्यात ठेवायचे आणि वरून कढत ग्रेव्ही ओतायची. दहा मिनिटांपेक्षा जास्त बुडाले तर मऊ होऊन विरघळायला लागतात. दोन पंगती होणार असतील तर कोफ्तेही दोन वेळा काढावेत.

एवढं झाल्यावर बाकीच्या ताटात नवं काही नको. बाराजणांना पोळ्या छत्तीस-चाळीस, त्याला एक किलो कणीक. जिरा राइसला पाऊण किलो तांदूळ. शेजारी काहीतरी आंबट आणि हलकं हवं: मठ्ठा, आणि लिंबू पिळलेली काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीला मीठ बसायच्या वेळी घालायचं, नाहीतर पाणी सुटतं. काजू-क्रीमच्या ग्रेव्हीनंतर बासुंदी किंवा श्रीखंड जड होतं, थंड कापलेली फळं बरी.

पथ्यं आधी फोन करून विचारावीत. पाहुण्यांत कुणी जैन असेल तर बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं चालतं, ते बटाट्याहून कोरडं असल्याने कॉर्नफ्लोअर निम्मं पुरतं, आणि कांदा, लसूण, आलं वगळावं. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारे असतील तर कांद्याऐवजी दुधी शिजवावा. काजूची ॲलर्जी असेल तर ग्रेव्हीत मगज, म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया, वापरावा आणि कोफ्त्यांतही काजू घालू नये.

याउलट काही पदार्थ पहिल्यांदा पाहुण्यांपुढे करू नयेत. हक्का नूडल्सना हॉटेलच्या भट्टीसारखी आच लागते, घरच्या शेगडीवर एका वेळी दोन माणसांपेक्षा जास्त टाकल्या की चिकटतात. घावन, डोसे, पुऱ्या करायला नेहमी एक माणूस ओट्याशी अडकतो. केक मोठा करायचा असेल तर साच्याचं क्षेत्रफळ मोजावं. सात इंचाच्या गोल साच्यापेक्षा दहा इंची साच्यात दुप्पट मिश्रण मावतं, दीडपट नाही.

उरलेल्या अन्नाचं काम पाहुणे गेल्यावर लगेच करावं. शिजवलेलं अन्न ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, एप्रिल-मे महिन्यांत तर त्याआधीच आवरावं. भाताची काळजी सर्वांत जास्त: शिजवूनही तग धरणारे जिवाणू त्यात कोमटपणात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. पातेलंभर भात तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, तो परातीत पसरून आधी निववावा. ग्रेव्ही आणि कोफ्ते वेगळे ठेवावेत. ग्रेव्ही डब्यांत भरून फ्रीझरमध्ये महिनाभर टिकते. कोफ्ते मात्र गोठवू नयेत, बटाट्याला पाणी सुटतं. ते दुसऱ्या दिवशी कोरडेच गरम करून हिरव्या चटणीबरोबर संपवावेत.