नुवारा एलिया : काट्यावर कापलेले दोन किलो

श्रीलंकेत कँडीहून एल्लाला जाणाऱ्या रेल्वेचं जेवढं कौतुक ऐकलं होतं, तेवढी ती सुंदर आहेच. हॅटन मागे पडलं की दोन्ही बाजूंना चहाचे मळे, मध्येच धबधबा, मग धुकं. गर्दी मात्र असह्य! कोलंबो, कँडी, तिथलं बुद्धाच्या दाताचं दंतमंदिर सगळं छान झालं. पण लिहायचंय ते नुवारा एलियाजवळच्या एका वळणाबद्दल.

रिमझिम चालू होती. रस्त्याकडेला वजनकाटा टांगलेला आणि समोर बायकांची रांग. पट्टा डोक्याला अडकवून पाठीवर सोडलेली पोती, कमरेला गुंडाळलेलं प्लॅस्टिक, पानं खुडून काळी पडलेली बोटं. एकीचं पोतं काट्याला लागलं. कारकुनाने आकडा वाचला आणि वहीत दोन किलो कमी लिहिले, पानं ओली आहेत म्हणून. ती गप्प राहिली. मागची चांगलीच भांडली, पण वहीतला आकडा तोच राहिला.

"पाऊस काय या आक्कांनी पाडला?" मी ड्रायव्हरला विचारलं. हॅटनचाच तमिळ मुलगा. त्याच्या आईचा जन्म पानं खुडण्यात गेला. "रोजचंच आहे मॅडम. ठरलेलं वजन भरलं नाही तर अर्धाच रोज."

इंग्रजांनी यांच्या पूर्वजांना तमिळनाडूतून मळ्यांवर आणलं. श्रीलंकेच्या १९४८च्या नागरिकत्व कायद्याने त्यातल्या बहुतेकांचं नागरिकत्व गेलं, आणि १९६४ला आपले शास्त्रीजी आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी करार करून सव्वापाच लाख माणसं भारताकडे, तीन लाख श्रीलंकेकडे अशी वाटणी केली. त्या मुलाची आत्या तेव्हाच निलगिरीला गेली, आई इथे राहिली.

मळ्यातल्या बऱ्याच मजुरांच्या खोल्या आजही इंग्रजांच्या काळातल्याच. मी गिरणगावात वाढले, दहा बाय बाराची खोली मला नवी नाही. पण आमच्या चाळीतून बाहेर पडायचे रस्ते तरी होते. इथे घर मळ्याचं, मळा कंपनीचा. २०२१मध्ये मजुरांचा किमान रोज १००० श्रीलंकन रुपये ठरला, तोही वर्षानुवर्षं आंदोलनं करून. आमचं हॉटेल म्हणजे मळ्याच्या साहेबाचा जुना बंगला. तिथे दोघांच्या दुपारच्या चहाचं बिल याच्या कितीतरी पट आलं. तो चहा मला गोड लागला नाही.

कारखान्यात पानं सुकवणं, मळणं, चाळणं सगळं हौसेने दाखवतात. मजुरांच्या घरांबद्दल विचारलं, तर गाइडने आम्हाला थेट दुकानात नेलं. मळ्यातल्या बायका फोटोचे पैसे मागतात म्हणून कुरकुरणारे आपले लोक बरेच भेटले. मला त्यांचा रागच आला. ज्या हिरव्या डोंगरासाठी आपण विमानाने येतो, तो यांच्याच हातांनी राखलेला आहे. मागितले तर द्या, आणि कृपा करून घासाघीस करू नका.