माळावरची काठी

रविवार, २१ डिसेंबर २०२५. रात्रीचे साडेदहा.

मुलं झोपली. आईंच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे, वही घेऊन बसल्यात हे दाराच्या फटीतून दिसतंय. आज आमच्या काठीला वर्ष झालं. तारखेने बघितलं तर उद्या, कारण गेल्या वर्षी तो रविवार २२ डिसेंबरला आला होता, पण मोठीने सकाळी उठल्या उठल्या सांगून टाकलं की तारीख नाही, रविवार धरायचा. मला ते अगदी पटलं.

हे सगळं सुरू झालं एका पंक्चरमुळे. गेल्या वर्षी सुट्ट्या जुळून आल्या होत्या म्हणून आम्ही लांबचं बुकिंग केलं, महिनाभर आधीपासून याद्या, बॅगा, जायला सात तास, तिथे पोचलो तर प्रत्येक ठिकाणी रांग, फोटो काढायचा आणि पुढे पळायचं, आणि परत येताना हायवेवर टायर गेला. नवरा जॅक लावून स्टेपनी बदलेपर्यंत आम्ही रस्त्यापासून बरंच आत एका बांधावर बसलो, चांगला पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात मुलं एकमेकांच्या सावलीवर पाय द्यायचा खेळ खेळत होती. सगळ्या ट्रिपमध्ये ती तेवढी हसली नव्हती. घरी आल्यावर आईंनी विचारलं, "काय काय बघितलंस रे बाळा?" तर धाकटा म्हणाला, "आजी, टायर बदलला! आणि मी ताईच्या डोक्यावर पाय दिला!"

त्या रात्री मला झोप लागेना. वाईट वाटत नव्हतं, पण काहीतरी लक्षात आल्यासारखं झालं होतं. मुलांना ठिकाण नकोच होतं, त्यांना आम्ही हवे होतो, कुठेही न निघालेले, घड्याळ न बघणारे.

मग ठरवलं, लांब नाही जायचं. गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर एक माळ आहे, एक मोठं झाड, खाली उतारावर छोटं तळं. नकाशात शोधून जावं असं तिथे काहीच नाही. महिन्यातून दोन रविवार तिथेच जायचं, दरवेळी तिथेच. नवरा म्हणाला, "अगं, तिसऱ्या वेळेला कंटाळतील मुलं." मलाही थोडी तीच भीती होती, म्हणून तिथे करायला एक काम पाहिजे असं वाटलं, आणि सावलीचा खेळ डोक्यात होताच. जुना पडद्याचा रॉड घेतला, जमिनीत रोवायला थोडा भाग सोडून वर बरोबर एक मीटर राहील अशी लाल खूण केली. दोऱ्याला जड किल्ली बांधून ओळंबा केला, काठी सरळ उभी आहे ना बघायला. आणि दुपारी सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा टेपने मोजायची. वही आईंकडे. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या उतरून तळ्यापर्यंत येत नाहीत, झाडाखाली फोल्डिंग खुर्ची टाकून बसतात, वेळ त्या बघतात आणि आकडा त्याच लिहितात. दुसऱ्या कोणाचं अक्षर त्या वहीत नाही.

पहिल्या दिवशीचा आकडा ८८ सेंटीमीटर. त्याच्या खाली आईंनी अजून एक ओळ लिहून ठेवलीय, "बाळ काठीएवढा." कारण धाकटा काठीला पाठ लावून उभा राहिला तर त्याचं डोकं आणि काठीचं टोक एका रेषेत आलं, आणि त्याची सावलीपण ८८.

सगळ्यात आखूड सावली घड्याळात बाराला पडते असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तसं नसतंच. ती वेळ वर्षभर मागेपुढे सरकत असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळ्यात लवकर आणि फेब्रुवारीत सगळ्यात उशिरा, दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक पडतो. म्हणून आम्ही दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचो. खडे जवळ जवळ येत जातात आणि मग परत लांब जायला लागतात. तो वळायचा क्षण पकडायला मुलं श्वास रोखून बसायची. खरं सांगते, मी माझ्या मुलांना इतकं शांत बसलेलं दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

मोठीचा जानेवारीतला प्रश्न मला अजून आठवतो. थंडीत सूर्य लांब जातो का? मी हो म्हणणार होते, आणि नवऱ्याने थांबवलं. जानेवारीच्या सुरुवातीला तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, जवळपास १४.७ कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटी. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललाय म्हणून. त्याने टॉर्च आणि बॉल घेऊन गाडीच्या बॉनेटवर ते करून दाखवलं. उजेड सरळ पडला की छोटा आणि प्रखर गोल दिसतो, तिरका पडला की तोच उजेड पसरतो आणि फिका होतो. ऑफिसच्या कामापायी किती तरी शनिवार त्याचे जातात, घरी असला तरी लॅपटॉप मांडीवर असतो, पण त्या बॉनेटजवळ तो पोरगाच झाला होता. मी त्याचा फोटो काढला नाही, नुसती बघत राहिले.

मार्चमध्ये, २३ तारखेला, सावली ३० वर आली. त्या दिवशी त्याने मुलांना एराटोस्थेनिसची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला माणूस, त्याला कळलं की इजिप्तमधल्या सायीनी या गावी एका ठराविक दिवशी भर दुपारी सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसतो, आणि अलेक्झांड्रियात मात्र त्याच दिवशी काठीची सावली पडते. तो कोन भरला ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, मग दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास, आणि निघाला पृथ्वीचा घेर. मोठी बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखीच काठी?" हो, आपल्यासारखीच.

उन्हाळ्यात खरं तर बंद करायचा विचार होता, माळावर ऊन रणरणतं, पण तेव्हा काठी सोडणं शक्यच नव्हतं कारण सावली दर खेपेला लहान होत चालली होती. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात जे राहतात त्यांना वर्षातून दोन दिवस असे मिळतात की दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच जाते. शून्य सावली. आमचा ११ मेला आला, आणि तोही रविवारी! टोप्या, पाण्याच्या बाटल्या, आई झाडाखाली ओला नॅपकिन डोक्यावर घेऊन. सावली चार बोटं, मग दोन, मग काठीच्या बुडाशी नुसती एक काळी रेघ, आणि मग तीही नाही. काठी उभी आणि सावलीच नाही. धाकटा तिच्याभोवती गोल फिरून सावली शोधत होता. आई कधी नव्हे ते खुर्चीतून उठून उन्हात आल्या. म्हणाल्या, "सत्तर वर्षं झाली, दरवर्षी डोक्यावरून गेलाय हा, आणि मी आज बघतेय." वहीत त्यांनी ० काढला तो असा टपोरा काढलाय की पेन कागदात रुतलंय.

मेच्या शेवटी आम्ही एकदा मुद्दाम संध्याकाळी गेलो, काजव्यांसाठी. गाडीचे दिवे बंद, मोबाइल बंद, अंधारात नुसतं बसून राहायचं. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, मधे कोणी एक स्क्रीन लावली तरी पहिल्यापासून सुरू. उडत उडत लुकलुकतात ते बहुतेक नर, आणि मादी खाली गवतात बसून उत्तर देते, प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी. उजेड असून त्यात उष्णता जवळजवळ नसते. मोठीने एक ओंजळीत घेतला, बघितला आणि लगेच सोडून दिला, कोणी सांगायच्या आधीच. त्यावर मी काहीच बोलले नाही, पण आतून फार बरं वाटलं.

दुसरी शून्य सावली आमच्या हाताला लागली नाही. सूर्य परत येताना ती ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत यायला हवी होती, आम्ही ३ तारखेच्या रविवारी जाऊन बसलो, पण आभाळ गच्च. सावली नाही म्हणजे काठीची नाही, माझी नाही, कशाचीच नाही. धाकटा रडवेला झाला. आणि तेवढ्यात पाऊस आला, हळू हळू, मोठे मोठे थेंब, मधे थोडं उघडलं होतं म्हणून माती वरून सुकलेली, आणि तो वास. आपल्याकडे त्याला मृद्गंध म्हणतात. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी त्याला पेट्रिकोर नाव दिलं, ग्रीक शब्दांवरून, दगड आणि देवांच्या नसांतून वाहणारा रस. वासातला मोठा वाटा जिओस्मिनचा, मातीतले जिवाणू ते तयार करतात आणि माणसाच्या नाकाला ते अगदी कणभर असलं तरी कळतं. थेंब मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वास घेऊन उडतात, म्हणून मुसळधार पावसापेक्षा हलक्या पावसात जास्त येतो. धाकट्याला मी जमिनीजवळ नाक न्यायला सांगितलं. रडणं थांबलं. मग सगळेच ओणवे.

पण दोन मिनिटांत वीज चमकली. मोठीने आकडे म्हणायला सुरुवात केली, विजेनंतर गडगडाट यायला जेवढे सेकंद लागतील त्याला तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर. बारा आले. चार किलोमीटर. इथे मी अजिबात रेंगाळू दिलं नाही, कारण तीसच्या आत आवाज आला तर उघड्यावर थांबायचंच नाही, आणि एकटं झाड, उघडा माळ आणि पाणी ही तर सगळ्यात वाईट जागा, आमच्याकडे तिन्ही होतं. आईंना हात देऊन गाडीत, काचा वर. पत्र्याची बंद गाडी चालते, वीज बाहेरच्या धातूवरून जमिनीत जाते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आम्ही तसेच बसून. काचांवर वाफ धरली होती, तिच्यावर बोटाने मुलांनी काठी काढली, काठीला डोळे काढले. आईंनी वहीत त्या दिवशी लिहिलंय, "सावली दिसली नाही. पाऊस. वास फार छान."

७ सप्टेंबरच्या रविवारी रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, ते माळावर नाही, गच्चीवरून बघितलं. ढगांच्या फटीतून अधूनमधून दिसायचं तेवढंच, ८२ मिनिटं चंद्र पूर्ण सावलीत होता आणि आम्हाला त्यातली दहा-पंधरा मिळाली असतील. तांब्यासारखा लाल. धाकट्याने विचारलं ही कोणाची सावली, म्हटलं आपली, आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिची. त्याने हात वर करून हलवला, चंद्रावर दिसतो का बघायला.

ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं. सावली ५३, पॅंटला आणि मोज्यांना कुसळं, ती काढण्यातच अर्धी दुपार गेली, आणि ती अर्धी दुपार मी आई आणि मोठी बोलत बसलो होतो, काय बोललो ते आता आठवत नाही. नोव्हेंबरात तापामुळे एक रविवार चुकला.

गेल्या शनिवारी, १३ च्या रात्री, मिथुन राशीतला उल्कावर्षाव. ताडपत्री अंथरून चौघं रांगेत आडवे, आई गाडीत, सीट मागे करून आणि काच उघडी ठेवून. चंद्र उगवायला उशीर होता त्यामुळे आभाळ चांगलं काळं. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा, तो १९८३ मध्ये सापडला. धाकट्याला सहा दिसल्या, मोठीला एकवीस, आईंनी आपला आकडा सांगितला नाही. नवऱ्याचा हात माझ्या हातात होता, थंडगार, खूप दिवसांनी.

आणि आज. पोचायला थोडा उशीर झाला म्हणून धावपळ, ओळंब्याची किल्ली घरी राहिली तर गाडीचीच बांधली. खडे मांडले. वळण मिळालं. ८८. एक सेंटीमीटरसुद्धा इकडे तिकडे नाही. मोठी ओरडली, "पूर्ण फिरून आलो!" आईंनी वहीचं पहिलं पान आणि आजचं पान बोटात धरून दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवले.

मग धाकटा काठीला पाठ लावून उभा राहिला. काठीचं टोक त्याच्या कानाच्या थोडं वर आलं. टेप लावला तर तो एक मीटर सात. त्याची सावली मोजली, ९४.

तो दोन्ही सावल्या बघत राहिला, आपली आणि काठीची. मग म्हणाला, "आजी, काठी का नाही वाढली?" आईंना काही सुचलं नाही, त्यांनी त्याला जवळ ओढलं, टोपी नीट केली, आणि मांडीवरच वही धरून लिहायला घेतलं. दिवा अजून चालूच आहे. आत जाऊन बघते.